होकार, ना-हरकत आणि मौन : आशियाई विदा-संरक्षण कायद्यांच्या परीक्षेचा पारिभाषिक विचार

कायद्याची परीक्षा म्हणजे स्मरणशक्तीची परीक्षा, असा समज विद्यार्थिवर्गात दृढमूल झालेला आहे. कलमांचे क्रमांक, दंडाच्या रकमा आणि मुदतीचे दिवस मुखोद्गत केले की काम झाले, असे या समजाचे स्वरूप असते. आशियातील विदा-संरक्षणाच्या कायद्यांवर जी व्यावसायिक प्रमाणन-परीक्षा घेतली जाते, तिच्या बाबतीत मात्र तो फार काळ टिकत नाही. (विदा म्हणजे व्यवहारात जिला डेटा म्हणतात ती नोंदरूप माहिती.) ही परीक्षा एका कायद्याची नसून प्रामुख्याने तीन कायद्यांची आहे. हे तिन्ही कायदे इंग्रजीत आणि पुष्कळ अंशी एकाच शब्दसंग्रहात लिहिलेले असले, तरी त्या शब्दांचे अर्थ तिन्ही ठिकाणी सारखे नाहीत.

भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार नवा नाही. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत विद्यादानाचा आणि मराठीत दंडाचा वाचक आहे. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न होय, मराठीत थट्टा. रूप एक असल्यामुळेच येथे फसगत होते. रूप भिन्न असते तर वाचक सावध राहिला असता. सिंगापूर, हाँगकाँग आणि भारत यांच्या विदा-कायद्यांतील संज्ञांचे नाते असेच आहे. म्हणून या परीक्षेची पूर्वतयारी हा प्रथमतः परिभाषेचा तौलनिक अभ्यास आहे आणि पाठांतराचे स्थान त्यानंतरचे आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१. परीक्षेचे स्वरूप

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ प्रायव्हसी प्रोफेशनल्स ही संस्था २००० साली अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या प्रदेशवार परीक्षांपैकी आशियाविषयक परीक्षा येथे अभिप्रेत आहे. अभ्यासक्रमाचे पाच भाग आहेत : खाजगीपणाची मूलतत्त्वे, सिंगापूर, हाँगकाँग व भारत यांचे कायदे, आणि शेवटी या तिहींतील समान सूत्रे. ९० बहुपर्यायी प्रश्नांसाठी अडीच तास, म्हणजे दर प्रश्नास १०० सेकंद मिळतात. गुण १०० ते ५०० या श्रेणीत मोजले जातात आणि उत्तीर्ण होण्यास ३०० लागतात. शंभर सेकंदांत एक लहानसा प्रसंग वाचून चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. ते पर्याय पुष्कळदा असे असतात की त्यांतील प्रत्येक कोठल्यातरी एका देशात बरोबर ठरेल. प्रश्न कोणत्या देशाचा, हे विसरणारा उमेदवार चुकीचे उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने देतो.

या कायद्यांत कौटुंबिक साम्य आहे, ते समान पूर्वजामुळे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८० साली आठ तत्त्वे मांडली : संग्रहास मर्यादा, विदेची गुणवत्ता, हेतूची निश्चिती, वापरास मर्यादा, सुरक्षा, खुलेपणा, व्यक्तीचा सहभाग आणि उत्तरदायित्व. आशियातील पुढील बहुतेक रचनांवर या तत्त्वांची छाप आहे. ही आठ तत्त्वे ज्याने आत्मसात केली, त्याला प्रत्येक कायद्यात काय शोधावयाचे ते कळते. त्या त्या कायद्याने तत्त्वास कोणते रूप दिले, हे मात्र मूळ पाठ वाचल्यावाचून कळत नाही.

२. पक्षकारांची नावे

पहिला घोटाळा कायद्यांच्या नावांतच आहे. हाँगकाँगचा कायदा ‘अध्यादेश’ या नावाने ओळखला जातो. भारतीय वाचकास अध्यादेश म्हणजे संसदेचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा वाटतो. हाँगकाँगमध्ये मात्र विधानमंडळाच्या पूर्ण कायद्यासच ही संज्ञा आहे. तेथील वैयक्तिक विदा (खाजगीपणा) अध्यादेश १९९५ साली संमत झाला आणि त्याचा मुख्य भाग डिसेंबर १९९६ पासून अमलात आहे.

विदा ज्याच्या हाती असते त्याला हाँगकाँग ‘विदा-वापरकर्ता’ म्हणते. विदेचा संग्रह, धारण, प्रक्रिया वा वापर यांवर ज्याचे नियंत्रण तो हा. सिंगापूरच्या २०१२ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात केवळ ‘संघटना’ हा शब्द आहे. सरकारी यंत्रणा त्या अधिनियमाच्या मुख्य कर्तव्यांच्या बाहेर ठेवल्या आहेत, तर हाँगकाँगचा अध्यादेश सरकारलाही लागू होतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने ‘फिड्युशिअरी’, म्हणजे विश्वस्त, हा शब्द निवडला. ज्याच्याविषयी विदा आहे त्या व्यक्तीस तेथे ‘प्रिन्सिपल’ म्हटले आहे. मराठी कानास हा शब्द महाविद्यालयाच्या प्राचार्यांची आठवण करून देतो. परंतु येथे ज्याच्या वतीने व ज्याच्या हितासाठी दुसऱ्याने वागावयाचे तो मूळ धनी, असा अर्थ आहे.

या नावांत दृष्टिकोन व्यक्त झाला आहे. ‘वापरकर्ता’ शब्द कृतीकडे पाहतो, ‘संघटना’ शब्द संस्थेच्या अस्तित्वाकडे, तर ‘विश्वस्त’ शब्द दोघांमधील नात्याकडे. मात्र नावातील आश्वासन कलमांत पूर्णपणे उतरतेच, असे नाही. विश्वस्त म्हणणाऱ्या भारतीय अधिनियमानेच कलम १५ मध्ये धन्यावरही कर्तव्ये लादली आहेत आणि त्यांच्या भंगासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. इतर दोन कायद्यांत अशी स्वतंत्र कर्तव्यसूची नाही.

३. ‘वैयक्तिक विदा’ म्हणजे काय

व्याख्येचा अभ्यास करताना व्याख्येतील विशेषणांवर बोट ठेवावे, ही जुनी शिकवण येथे उपयोगी पडते. हाँगकाँगच्या व्याख्येतील मर्मशब्द ‘जिवंत’ हा आहे. मृत व्यक्तीविषयीची माहिती त्या व्याख्येत येत नाही. व्यक्तीची ओळख पटणे व्यवहार्य असले पाहिजे आणि विदेचे रूप तिच्यापर्यंत पोहोचता येण्याजोगे असले पाहिजे, अशाही अटी आहेत. सिंगापूरच्या व्याख्येतील मर्मशब्द ‘खरी असो वा नसो’ हे आहेत. खोटी नोंददेखील वैयक्तिक विदा ठरते. शिवाय मृत्यूनंतर दहा वर्षांपर्यंत, उघड करणे व सुरक्षा या दोन बाबतींत, संरक्षण चालू राहते. भारताच्या व्याख्येत मर्म व्याख्येबाहेर, अधिनियमाच्या नावात आहे : ‘डिजिटल’. कागदावरची नोंदवही जोपर्यंत संगणकात उतरविली जात नाही, तोपर्यंत ती या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही.

सार्वजनिक झालेल्या माहितीविषयीही असाच त्रिविध भेद आहे. व्यक्तीने स्वतःच जाहीर केलेल्या विदेस भारतीय अधिनियम लागूच होत नाही. सिंगापुरात अधिनियम लागू होतो, परंतु जाहीरपणे उपलब्ध विदेसाठी संमतीची अट नसते. हाँगकाँगमध्ये अशी सरसकट सूट नाही. माहिती चव्हाट्यावर असली तरी तिच्या वापराचा हेतू तपासला जातो. परीक्षेतील ‘आंतरजालावर आधीच प्रसिद्ध असलेली माहिती’ हे शब्द दिसताच उमेदवाराने प्रथम देशाचे नाव पुन्हा वाचावे.

४. ‘संग्रह’ या क्रियापदाचा खटला

एका क्रियापदाच्या अर्थावर निर्णय कसा फिरतो, याचे उत्तम उदाहरण हाँगकाँगच्या अपील न्यायालयाने २००० साली दिलेला ईस्टवीक प्रकरणातील निर्णय होय. एका साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने रस्त्याने जाणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र तिला न विचारता टिपले. वेषभूषेवरील लेखात ते उपहासात्मक मजकुरासह छापले गेले. तिचे नाव साप्ताहिकास ठाऊक नव्हते व ते जाणून घेण्याची त्याला इच्छाही नव्हती. परिचितांनी मात्र तिला ओळखले आणि तिची कुचेष्टा झाली. तिच्या तक्रारीवरून खाजगीपणा आयुक्तांनी, विदेचा संग्रह अन्याय्य मार्गाने झाला, असा निष्कर्ष काढला. अपील न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरविला. ज्याची माहिती घ्यावयाची त्या व्यक्तीची ओळख पटविलेली असेल, अथवा पटविण्याचा उद्देश असेल, तेव्हाच ‘संग्रह’ झाला असे म्हणता येईल, असे न्यायालयाचे मत पडले.

छायाचित्रातून त्या स्त्रीची ओळख पटत होती, म्हणजे नामपदाची अट पुरी होत होती. खटला अडला तो क्रियापदावर. अपमान झालेल्या स्त्रीस या उत्तराने समाधान लाभले नसणार. परंतु पुढे हाँगकाँगविषयक प्रत्येक प्रश्नात ‘प्रथम संग्रह झाला काय?’ हे विचारणे आवश्यक होऊन बसले. सिंगापूर व भारत यांच्या कायद्यांना हा निर्णय बंधनकारक नाही. तेथे तो आपोआप लावणे हीच ‘शिक्षा’ शब्दासारखी फसगत होय.

५. संमतीच्या तीन पायऱ्या

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मराठी वाचकास परिचित आहे. कार्यालयीन व्यवहारातील ‘ना-हरकत दाखला’ तर घरोघरी ठाऊक आहे. होकार, ना-हरकत आणि मौन हे तीन शब्द मनाच्या तीन भिन्न अवस्था दर्शवितात. होकार देणारा बोलतो. ना-हरकत देणारा आपण विरोध करीत नाही एवढेच कळवितो. मौन धरणारा काहीच कळवीत नाही. तिन्ही कायद्यांत या अवस्थांना मिळालेले स्थान निराळे आहे आणि परीक्षेचा सर्वांत कठीण भाग येथेच आहे.

हाँगकाँगमध्ये एका हेतूसाठी घेतलेली विदा नव्या हेतूसाठी वापरावयाची तर ‘विहित संमती’ लागते. ती स्पष्ट व स्वेच्छेने दिलेली असावी आणि लेखी मागे घेतलेली नसावी. हा झाला होकार. परंतु प्रत्यक्ष विपणनासाठी, म्हणजे व्यक्तीस थेट गाठून केलेल्या जाहिरातीसाठी, अध्यादेशाने संमतीच्या अर्थात ‘हरकत नसल्याचे दर्शविणे’ याचाही समावेश केला आहे. ही ना-हरकत कोणत्यातरी कृतीने दर्शवावी लागते. निव्वळ मौन पुरत नाही. या तरतुदीस पार्श्वभूमी आहे. ऑक्टोपस या प्रवास-कार्डाच्या योजनेतील सुमारे २० लाख ग्राहकांची विदा मोबदला घेऊन इतरांना पुरविली गेल्याचे २०१० साली उघडकीस आले, लोकक्षोभ झाला, २०१२ साली दुरुस्ती झाली आणि विपणनविषयक कलमे १ एप्रिल २०१३ पासून अमलात आली.

सिंगापुरात ‘मानीव संमती’ ही संकल्पना आहे. २०२० च्या दुरुस्तीने तिला नवे रूप दिले : संघटनेने हेतू कळवावा, नाकारण्यास वाजवी मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत व्यक्तीने नकार दिला नाही तर संमती मिळाली असे मानावे. येथे मौनास कायद्याने अर्थ दिला आहे. तत्पूर्वी संघटनेने संभाव्य अपायाचे मूल्यमापन केले पाहिजे, आणि जाहिरातीचे संदेश धाडण्यासाठी हा मार्ग खुला नाही.

भारतीय अधिनियमाची संमती सर्वांत कडक शब्दांत बांधलेली आहे. ती मुक्त, विवक्षित, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि स्पष्ट होकारार्थी कृतीने व्यक्त झाली पाहिजे. यावरून भारतात मौनास स्थानच नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो, आणि तेथेच चुकतो. कलम ७ मधील ‘विवक्षित वैध वापरां’त पहिलाच वापर असा आहे : व्यक्तीने एखाद्या निश्चित हेतूने स्वखुशीने विदा दिली असेल आणि आपली संमती नाही असे कळविले नसेल, तर त्या हेतूपुरती ती वापरता येते. अधिनियमातील दृष्टान्त औषधांच्या दुकानाचा आहे : ग्राहक पावतीचा संदेश भ्रमणध्वनीवर पाठविण्यास सांगते व त्यासाठी आपली माहिती देते, दुकानदार तेवढ्यासाठी ती वापरू शकतो. मौन भारतातही कामास येते. परंतु त्याला ‘संमती’ हे नाव नाही. नावाच्या या भेदामुळे संमतीशी जोडलेले सूचनेचे नियम त्या वापरास लागत नाहीत, हा परिणाम ध्यानी घ्यावा.

६. ‘हानी’ शब्दाची व्याप्ती

मनस्ताप ही हानी आहे काय? हाँगकाँगच्या अध्यादेशाने हा प्रश्न शिल्लक ठेवला नाही. भरपाईच्या कलम ६६ मध्ये भावनांना झालेल्या इजेचा स्पष्ट उल्लेख आहे. सिंगापूरच्या अधिनियमात ‘हानी वा नुकसान’ एवढेच शब्द होते. एका माजी कर्मचाऱ्याने पूर्वीच्या आस्थापनेच्या ग्राहकास त्याच्या गुंतवणुकीच्या माहितीच्या आधारे संपर्क साधल्याचे प्रकरण न्यायालयांपुढे आले. उच्च न्यायालयाने मनस्ताप या शब्दांत बसत नाही असे ठरविले. २०२२ साली अपील न्यायालयाने तो बसतो असा निर्णय दिला. विदेवरील नियंत्रण गमावणे एवढ्यानेच मात्र हानी होत नाही, असेही त्याने स्पष्ट केले.

भारताचा मार्ग तिसराच आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४३-अ भरपाईचा हक्क देणारे होते. २०२३ च्या अधिनियमाने ते गाळण्याची तरतूद केली. नव्या अधिनियमात सुरक्षेच्या हयगयीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. पीडित व्यक्तीस त्यातून काही मिळत नाही.

७. काळाचे भान

शब्द पुस्तकात असणे आणि शब्द अमलात असणे या दोन गोष्टी आहेत. हाँगकाँगच्या अध्यादेशातील कलम ३३, विदा परदेशी धाडण्यावर निर्बंध घालणारे, १९९५ पासून छापलेले आहे, परंतु अद्याप अमलात आणलेले नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. अधिनियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. आणि मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची, असा टप्प्यांचा क्रम ठरला. त्यामुळे जुन्या टिपणांतील २०११ चे संवेदनशील विदेचे नियम आणि नवा अधिनियम यांची सरमिसळ होते. नव्या अधिनियमात संवेदनशील विदेचा वेगळा वर्ग नाही, हे येथे विशेषत्वाने नोंदवावे. अभ्यासकाने प्रत्येक संज्ञेपुढे तिची अंमल-तारीख लिहावी आणि परीक्षेपूर्वी चालू अभ्यासक्रमाशी ती ताडून पाहावी.

८. अभ्यासाची रीत

वरील विवेचनातून तयारीची एक साधी पद्धती निष्पन्न होते. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. प्रत्येक संज्ञेखाली तिची व्याख्या, तिच्यात न येणाऱ्या गोष्टी, तिच्यावरील एखादा निर्णय आणि अंमल-तारीख लिहावी. मग एकच प्रसंग तिन्ही रकान्यांतून न्यावा. समजा, एक व्यायामशाळा सभासद-नोंदणीच्या वेळी घेतलेले भ्रमणध्वनी-क्रमांक नव्या वर्गांच्या जाहिरातीसाठी वापरू पाहते. सिंगापुरात मौनावर विसंबता येणार नाही. स्पष्ट संमती हवी आणि ती नसल्यास ‘संपर्क नको’ नोंदवही तपासावी लागेल. हाँगकाँगमध्ये सभासदास आधी कळवून, उत्तर देण्याची सोय करून, किमान ना-हरकत मिळवावी लागेल. भारतात कलम ७ चा आधार लंगडा पडेल, कारण क्रमांक नोंदणीसाठी दिला होता, जाहिरातीसाठी नव्हे. होकारार्थी कृतीच लागेल. असे वीस-पंचवीस प्रसंग सोडविल्यावर कलमांचे क्रमांक निराळे पाठ करावे लागत नाहीत.

९. मराठीचा संबंध

परीक्षेचे माध्यम इंग्रजी असले तरी तिचा विषय इंग्रजीत संपत नाही. हाँगकाँगमध्ये कायद्याचे इंग्रजी व चिनी पाठ सारखेच अधिकृत असतात, आणि त्यांत भेद आढळल्यास दोहोंचा उत्तम मेळ घालणारा अर्थ स्वीकारावयाचा असतो. भारतीय अधिनियमाने निराळी वाट धरली : संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय व्यक्तीस असावा. या बावीस भाषांत मराठी आहे, कोकणीही आहे.

याच अधिनियमाने व्यक्तीसाठी सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम योजले, याची पुष्कळ चर्चा झाली. मराठीस त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘व्यक्ती’ हा शब्द मराठीत मुळातच स्त्रीलिंगी असल्याने तिच्याविषयी ‘ती’ असेच आपण लिहीत आलो. खरी अडचण पुढे आहे. ‘आपली हरकत नसल्यास पुढे जा’ असे वाक्य मराठी सूचनेत घातले, तर ते मराठी म्हणून सुबोध असेल, परंतु ते ना-हरकत मागणारे आहे, होकार मागणारे नव्हे; आणि भारतीय अधिनियमास होकार हवा आहे. उलट, इंग्रजी वाक्याचे शब्दशः भाषांतर करून पाच संस्कृत विशेषणांची माळ ओवली, तर ते कायद्यास धरून होईल, पण ज्या व्यक्तीचा होकार हवा तिला ते कळणार नाही. आणि न कळता दिलेला होकार माहितीपूर्वक नसल्याने पुन्हा कायद्याबाहेरच जाईल.

प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांपुढे हे काम येणार आहे. एखाद्या बँकेचे, रुग्णालयाचे वा दुकानाचे संमतिपत्र त्यांच्या हाताखालून जाईल आणि त्याखाली कोणीतरी अंगठ्याच्या एका स्पर्शाने ‘हो’ म्हणेल. त्या ‘हो’चा अर्थ लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास एकच कळला की नाही, यावर त्या व्यक्तीचा हक्क अवलंबून राहील. होकार, ना-हरकत आणि मौन यांतील अंतर परीक्षेपुरते शिकलेल्या विद्यार्थ्याने ते संमतिपत्र लिहितानाही जपले, तर त्याचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणावयास हरकत नाही.